ठिणगी वेळेवर पडावी म्हणून

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



चिटणीस मला म्हणाले, "काका, तुम्ही चार महिने न्यूझीलंडला राहून आलात, तिकडचं काहीतरी सांगा." त्यांच्या मनात डोंगर, सरोवरं आणि मेंढ्या असणार. ते सगळं आमच्या सौभाग्यवतींनी पाहिलं, फोटोही त्यांच्याकडेच आहेत. मी पाहिलं ते मुख्यतः ऑकलंडमधलं आमच्या मुलाचं गॅरेज. त्यामुळे माझ्याकडे सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे. टर्बो लावलेल्या एका रोटरी इंजिनाची इग्निशन, म्हणजे ठिणगी पाडण्याची व्यवस्था, आम्ही बापलेकांनी कशी बदलली. प्रसादाला अजून पाऊण तास आहे, तेव्हा कुणी उठून जाईल अशी मला भीती नाही.

आधी एक सांगतो. मी मोटारीतला माणूस नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली सुरू केलेल्या आपल्या कलाभवनात मी इलेक्ट्रिकल शिकलो आणि ३४ वर्षं इथल्याच एका कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या तपासणी विभागात काढली. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची एक परीक्षा असते. काचेच्या भांड्यात तेल घ्यायचं, त्यात अडीच मिलिमीटर अंतरावर दोन इलेक्ट्रोड ठेवायचे, व्होल्टेज हळूहळू चढवत न्यायचं आणि किती किलोव्होल्टला ठिणगी पडते ते लिहून ठेवायचं. ठिणगी जितकी उशिरा, तितकं तेल चांगलं. म्हणजे ठिणगी पडू नये यासाठी मी आयुष्यभर पगार घेतला. निवृत्त झाल्यावर मुलानं काम सांगितलं ते नेमकं उलट, "बाबा, माझ्या इंजिनात ठिणगी पडत नाही. पाहता का?"

त्याची गाडी माझदा आरएक्स-७. १९९१ ते २००२ या काळात जपानमध्ये बनलेली तिसरी पिढी. त्याच्याकडची १९९६ सालची, जपानमध्ये वापरून मग न्यूझीलंडला आलेली. तिकडे अशा जुन्या जपानी गाड्या पुष्कळ येतात आणि स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे असतं. हिचं इंजिन १३बी-आरईडब्ल्यू, दोन रोटरचं, दर रोटरला ६५४ घनसेंटिमीटर, मिळून १३०८. आपल्याकडच्या साध्या घरगुती गाडीएवढं. कंपनीनं त्याला दोन टर्बो लावून २५५ अश्वशक्ती काढली होती आणि नंतरच्या वर्षांत २८०. आमच्या चिरंजीवांनी ते दोन टर्बो काढून एकच मोठा बसवला, आणि त्यांना चाकांवर ४०० हवी होती.

इथं घरातली एक गोष्ट सांगणं भाग आहे. त्याचं या गाडीतलं आधीचं इंजिन फुटलं होतं. दुरुस्तीला आणि नव्या बांधणीला त्याची दोन वर्षांची शिल्लक गेली. सूनबाई शांत स्वभावाची. ती आरडाओरडा करत नाही. आम्ही पोचलो त्या आठवड्यात जेवताना तिनं वरण वाढता वाढता एवढंच सांगितलं, "बाबा, हे दुसरं इंजिन आहे. हेही गेलं तर गाडी विकायची, असं आमचं ठरलंय." मुलगा ताटाकडे बघत होता. हे "आमचं" किती जणांचं होतं ते मला कळलं.

तर आता रोटरी इंजिन म्हणजे काय ते पाहू. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वरखाली होतो. फेलिक्स वांकेल या जर्मन माणसानं पिस्टनच काढून टाकला. जर्मनीतल्या एनएसयू कंपनीत १९५७ साली त्याचं पहिलं इंजिन चाललं. पुढे जपानमधल्या हिरोशिमाच्या माझदानं परवाना घेऊन केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ते व्यवहारात आणलं आणि १९६७ साली दोन रोटरची कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली.

डोळ्यांसमोर एक लंबगोल डबा आणा, कमरेत किंचित चिमटलेला. त्यात बाजू फुगलेला एक त्रिकोण फिरतो. तो त्रिकोण म्हणजे रोटर. त्याची तिन्ही टोकं डब्याच्या भिंतीला कायम घासत राहतात, त्यामुळे त्रिकोणाच्या तीन बाजू आणि भिंत यांच्यात तीन कप्पे होतात. फिरता फिरता प्रत्येक कप्पा मोठा होतो, लहान होतो. हवा-पेट्रोल आत घेणं, दाबणं, पेटवणं, धूर बाहेर टाकणं हे सगळं डब्याच्या ठरलेल्या जागी घडतं. दंड तीन वेळा फिरतो तेव्हा रोटर एकदा फिरतो. रोटरला बाजू तीन, म्हणून हिशेब सरळ येतो. दंडाच्या प्रत्येक फेऱ्याला दर रोटरमागे एक स्फोट.

त्रिकोणाच्या तिन्ही टोकांवर खाचेत बसवलेल्या पट्ट्या असतात, त्यांना एपेक्स सील म्हणतात. या इंजिनात त्यांची जाडी २ मिलिमीटर. कप्प्याकप्प्यांमधला सगळा दाब या पट्टीनं अडवायचा. मिश्रण आपल्या वेळेआधी किंवा एकदम भडकलं, ज्याला आपले मेकॅनिक "नॉकिंग" म्हणतात, तर पिस्टनचं इंजिन थोडा वेळ सोसतं. इथं ही पट्टी तडकते. तुटलेला तुकडा डब्याच्या आतल्या मुलाम्यावर चरे पाडतो आणि धुराच्या वाटेनं निघून टर्बोच्या पात्यांवर आदळतो. एक-दोन सेकंदांत सगळं उरकतं. मुलाचं पहिलं इंजिन असंच गेलं होतं.

आता ठिणगीकडे येऊ. इथं बसलेल्या चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांनी स्कूटर वाकडी केली आहे, प्लग काढून पॉलिश पेपरनं घासला आहे आणि सिलेंडरला टेकवून किक मारून ठिणगी निळी आहे की पिवळी ते पाहिलं आहे. त्या स्कूटरचं इंजिन टू-स्ट्रोक होतं, म्हणजे दर फेऱ्याला ठिणगी. फोर-स्ट्रोक मोटारीत दोन फेऱ्यांना एक. रोटरी या बाबतीत स्कूटरची बहीण आहे, दर फेऱ्याला ठिणगी. आणि स्कूटरसारखीच थोडं तेलही जाळते, कारण त्या पट्ट्यांना वंगण म्हणून तेल मुद्दाम आत सोडलेलं असतं. म्हणून प्लगवर काजळी धरते. एवढं कळलं तेव्हा मला जरा धीर आला. स्कूटर मला येत होती.

पण स्कूटरला प्लग एक. रोटरीत दर रोटरला दोन. कारण कप्प्याचा आकार. पिस्टनच्या इंजिनात मिश्रण वाटीत गोळा झाल्यासारखं असतं, मधोमध पेटवलं की सगळीकडे आग पोचते. रोटरीचा कप्पा लांब, चपटा आणि चालता असतो. एका टोकाला पेटवलं तर आग पुढच्या बाजूला वाऱ्याबरोबर धावते, मागच्या टोकाला मात्र नेटानं जात नाही. म्हणून फिरण्याच्या दिशेनं पुढे असतो तो लीडिंग प्लग, आणि मागे असतो तो ट्रेलिंग. मुख्य काम लीडिंगचं. ट्रेलिंग त्याच्यानंतर थोड्या अंशांनी पेटतो आणि मागे राहिलेलं मिश्रण जाळतो. १९९१ साली फ्रान्समध्ये ल मां इथल्या २४ तासांच्या शर्यतीत माझदाची ७८७बी ही चार रोटरची गाडी पहिली आली, तिच्यात दर रोटरला तीन प्लग होते. तिला टर्बो नव्हता, तरीही त्या लांबट कप्प्यासाठी तिसरी ठिणगी त्यांना मोलाची वाटली.

आणखी एक बारकावा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कंपनीनं या गाडीत दोन्ही लीडिंग प्लगांना मिळून एकच कॉइल दिली आहे. एका रोटरची वेळ झाली की ठिणगी दोन्हीकडे एकदम पडते. एकीकडची कामाची, दुसरीकडची वाया. वाया गेलेली ठिणगी निरुपद्रवी, कारण त्या क्षणी तिथल्या लीडिंग प्लगसमोर जळून गेलेला वायूच असतो. ट्रेलिंग प्लगांना मात्र कॉइल वेगवेगळ्या आहेत. ट्रेलिंगच्या समोर त्या वेळी पुढच्या कप्प्यातलं ताजं मिश्रण आलेलं असतं. तिथं भलत्या वेळी ठिणगी पडली तर ते पेटेल.

तर दुखणं असं होतं. टर्बोचा दाब ०.८ बारवर ठेवला की गाडी छान चालायची. १.२ बारवर नेला की ५८०० फेऱ्यांच्या वर इंजिन अडखळायचं, फट् फट् आवाज यायचा, मागच्या नळकांड्यातून ज्वाळा दिसायच्या. मुलाच्या मित्रांना त्या ज्वाळा फार आवडत. धुराच्या नळीत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो, त्यावरून मिश्रणात पेट्रोल कमी की जास्त ते समजतं. तो दाखवायचा, पेट्रोल कमी पडतंय. टर्बोच्या इंजिनात पेट्रोल कमी म्हणजे नॉकिंगला निमंत्रण. मुलगा घाबरून पेट्रोल वाढवायचा. वाढवलं की अडखळणं जास्त. मग आणखी पेट्रोल. असं महिनाभर चाललं होतं.

मी मोटारीतला नसल्यानं मला एक मूर्ख प्रश्न विचारता आला. "हा सेन्सर पेट्रोल मोजतो की ऑक्सिजन?" तो म्हणाला, ऑक्सिजन. "मग एखादी ठिणगी पडलीच नाही, तर त्या कप्प्यातला ऑक्सिजन न जळता तसाच नळीत येईल. सेन्सरला वाटेल हवा जास्त झाली, पेट्रोल कमी झालं. खरं तर दोन्ही न जळता बाहेर आलेत." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मी महिनाभर विझलेल्या चुलीत रॉकेल ओततोय."

पण अंदाज म्हणजे निदान नव्हे. आम्ही तपासलं. पहिलं, पेट्रोल वाढवण्याऐवजी किंचित कमी केलं, तेही दाब १ बारवर उतरवून, जपून. अडखळणं कमी झालं. दुसरं, कमी अंतराचे प्लग लावून पाहिले. हे स्कूटरच्या प्लगसारखे ठोकून जवळ आणता येत नाहीत, यांच्या मधल्या इलेक्ट्रोडला बाजूंनी एकाहून अधिक इलेक्ट्रोड वेढून असतात, म्हणून वेगळा संचच लागला. १.२ बारवर जे ५८०० ला सुरू व्हायचं ते ६४०० वर गेलं. पेट्रोलचा दोष असता तर प्लगमधल्या अंतरानं असा फरक पडला नसता. रोग ठिणगीचाच.

आता ठिणगी कमी का पडली? याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण दाब. पाशेन या जर्मन शास्त्रज्ञानं १८८९ साली दाखवलं की वायूतून ठिणगी उडायला किती व्होल्टेज लागेल ते दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतं. दाब वाढला की व्होल्टेज वाढवा, नाहीतर अंतर कमी करा. माझ्या तेलाच्या भांड्यासारखंच. कंपनीनं गाडी साधारण ०.७ बारवर दिली होती. वातावरणाचा १ धरला तर एकूण १.७. मुलाचे १.२ म्हणजे एकूण २.२. भागून पाहा, सुमारे ३० टक्के जास्त. म्हणजे प्लगला लागणारं व्होल्टेजही ढोबळमानानं तेवढंच वाढलं. कॉइल मात्र जुनीच.

दुसरं कारण वेळ. कॉइल म्हणजे तारेची दोन वेटोळी. पहिल्यातून प्रवाह सोडायचा, तो हळूहळू वाढतो, आणि पुरेसा वाढला की एकदम तोडायचा. तोडताच दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उठतात. प्रवाह वाढू देण्याच्या या वेळेला ड्वेल म्हणतात. साठलेली ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे प्रवाह ७० टक्क्यांपर्यंतच पोचला, तर ऊर्जा निम्मीच. मिनिटाला ८००० फेरे म्हणजे एका फेऱ्याला साडेसात मिलिसेकंद. लीडिंगची कॉइल दोन रोटरना मिळून एक, म्हणून फेऱ्यात दोनदा पेटणार, दर पावणेचार मिलिसेकंदांनी. त्यात ठिणगीलाच एक-दीड मिलिसेकंद जातो. उरले सव्वादोन-पावणेतीन. फोर-स्ट्रोक इंजिनात प्लगमागे एक कॉइल असेल तर तिला एवढ्याच वेगावर १५ मिलिसेकंद मिळतात. म्हणजे आमची कॉइल ताटावरून अर्धपोटी उठत होती, आणि काम मात्र ३० टक्के जास्त होतं.

उपाय दोन होते. एक, सीडीआय. नंतरच्या दुचाकींवर तो काळा डबा आपण पाहिला आहे. त्यात ऊर्जा कॉइलमध्ये न साठवता कपॅसिटरमध्ये साठवतात. एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४५० व्होल्टपर्यंत भरला की सुमारे १०० मिलिज्यूल होतात. तो चटकन भरतो, व्होल्टेज एकदम चढतं, त्यामुळे काजळी धरलेल्या प्लगवरही ठिणगी उडते. रोटरीवाले वर्षानुवर्षं सीडीआय वापरत आले ते याच कारणानं. उणीव एवढीच की ठिणगी फार थोडा वेळ टिकते. दुसरा उपाय, चार प्लगांना चार स्वतंत्र, मोठ्या गाभ्याच्या कॉइल, ज्यांच्या आतच प्रवाह तोडणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या एलएस इंजिनांतल्या अशा कॉइल पुष्कळ लोक रोटरीला लावतात, शर्यतीसाठी याहून मोठ्याही मिळतात. लीडिंगला दोन कॉइल झाल्या की प्रत्येकीला फेऱ्यात एकदाच काम, पावणेचारचे साडेसात मिलिसेकंद झाले. ठिणगीही जास्त वेळ टिकते, दाट मिश्रणाला ते बरं.

मुलाच्या मित्रांचा कल सीडीआयकडे होता. गाडीच्या संगणकाला ठिणगीचे चार वेगळे निर्गम होते, जागा होती, म्हणून आम्ही चार कॉइल घेतल्या. डबे कमी, जोड कमी. तपासणी विभागात एवढं नक्की शिकलो होतो की जितके जोड तितकी दुखणी.

काम जून-जुलैत चाललं. इकडे तुम्ही पावसाची वाट पाहत होता, तिकडे कडाक्याचा हिवाळा. गॅरेजमध्ये मी मफलर, कानटोपी घालून, आणि शेजारी बशीत आपल्या इथून नेलेला लीलो चिवडा.

सगळ्यात आधी मी कॉइल टेबलावर मांडली. उसना ऑसिलोस्कोप आणला, तारेभोवती प्रवाह मोजणारा चिमटा लावला आणि १४ व्होल्ट देऊन पडद्यावर प्रवाहाची रेषा पाहिली. सुमारे ३ मिलिसेकंदांपर्यंत ती सरळ चढत होती, पुढे एकदम उभी उठली. याचा अर्थ गाभा भरला. त्यापुढे कितीही प्रवाह दिला तरी ठिणगी वाढत नाही, कॉइल फक्त तापते. "ड्वेल जास्त ठेवू, ठिणगी जोरात पडेल" असं म्हणणाऱ्यांच्या कॉइल जळतात त्या इथं. आम्ही ३ च्या अलीकडे थांबलो. स्टार्टर फिरताना बॅटरी १० व्होल्टपर्यंत उतरते तेव्हा ड्वेल जास्त लागतो, १४ व्होल्टला कमी. तो तक्ता संगणकात भरला.

मग वायरिंग. एकेक कॉइल भरताना १५ अॅम्पियरच्या आसपास ओढते आणि एका रोटरच्या लीडिंग-ट्रेलिंग जवळजवळ एकदम भरतात, म्हणजे क्षणभर ३० अॅम्पियर. जुन्या बारीक वायरीतून हे मागितलं तर व्होल्टेज वाटेतच संपतं. बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज आणि वेगळा रिले. अर्थिंग दोन प्रकारचं: मोठ्या प्रवाहाचं थेट इंजिनच्या अंगाला आणि संकेताचं संगणकाकडे. ही दोन एकत्र बांधली की संगणकाला भास होऊ लागतात. प्लगच्या वायरी रोधक असलेल्याच घेतल्या आणि दंडाची जागा सांगणाऱ्या सेन्सरच्या वायरीपासून लांबून नेल्या. त्या सेन्सरनं एक खोटा ठोका मोजला तर ठिणगी भलतीकडे पडेल.

प्लगही बदलले. एनजीकेच्या प्लगवर अंक असतो, अंक मोठा तितका प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा. कंपनी लीडिंगला ७ आणि ट्रेलिंगला ९ देते. शक्ती वाढवली की ७ चं टोक लाल होऊन स्वतःच मिश्रण पेटवू शकतं, म्हणून चारही ठिकाणी ९ लावले.

आता माझी चूक सांगतो. ती सांगण्यासाठीच खरं तर मी आज इथं उभा आहे.

चारही कॉइल एका पट्टीवर ओळीनं, चारही सॉकेट सारखे. गोंधळ नको म्हणून मी कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि मराठीत खुणा लिहिल्या. पुढचा रोटर, मागचा रोटर. पुढचा प्लग, मागचा प्लग. पहिलं अक्षर रोटरचं, दुसरं प्लगचं. पुपु, पुमा, मापु, मामा. आम्ही हसलोही, मामाला गाडीत बसवलं म्हणून. चार दिवसांनी संध्याकाळी संगणकाकडून येणाऱ्या वायरी जोडताना माझ्या डोक्यात क्रम उलटा बसला होता, आधी प्लग, मग रोटर. पुपु आणि मामा उलटे वाचले तरी तेच राहतात. पुमा आणि मापु मात्र अदलाबदल झाले. पुढच्या रोटरच्या ट्रेलिंगला मागच्या रोटरच्या लीडिंगची वेळ मिळाली.

मी म्हटलं, "झालं. लाव चावी." मुलगा म्हणाला, "आधी टायमिंग लाइटनं चारही वायरी बघू, बाबा." मला राग आला. रात्रीचे नऊ वाजले होते, बोटं गारठली होती. मी म्हणालो, "३४ वर्षं मी हेच केलंय. चार वायरी जोडायला मला कुणाची सही लागते?" तो काही बोलला नाही. त्यानं इंजेक्टरचे सॉकेट काढले, म्हणजे आत पेट्रोल जाणार नाही, आणि संगणकात ठिणगीची वेळ एका अंशावर स्थिर केली. पुलीवर आम्ही पुढच्या रोटरसाठी पिवळी आणि बरोबर समोर मागच्या रोटरसाठी पांढरी खूण रंगवली होती. मला म्हणाला, "तुम्ही फक्त स्टार्टर द्या."

पुपुवर लाइट लावला, पिवळी खूण काट्यासमोर थांबलेली दिसली. बरोबर. पुमावर लावला आणि तो थबकला. "परत द्या." मी परत स्टार्टर दिला. "बाबा, इकडे या." लाइट मी हातात घेतला, त्यानं स्टार्टर दिला. काट्यासमोर पांढरी खूण होती. अर्धा फेरा चुकीची.

तशीच चावी लावली असती तर कदाचित इंजिन सुरूच झालं नसतं. कदाचित खडखडत सुरू झालं असतं आणि पेट्रोलला दोष देऊन आम्ही ते रेटलं असतं. ट्रेलिंगसमोर ताजं मिश्रण, भलत्या वेळी ठिणगी आणि दोन मिलिमीटरची ती पट्टी. सूनबाईचं वाक्य मला आठवलं.

मला त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. आमच्या तपासणी विभागात नियम होता, ज्यानं जोडणी केली त्यानं ती तपासायची नाही. दुसऱ्यानं तपासायची, आणि जोडणारा कितीही ज्येष्ठ असला तरी. तो नियम नव्या पोरांना मीच शिकवत असे. मुलगा शाळेत असताना जेवणाच्या ताटावर त्यालाही कितीदा तरी सांगितला असेल. त्यानं तो लक्षात ठेवला होता, आणि मी त्यावर रागावलो होतो.

मी पट्ट्या काढल्या. त्यानं लाल आणि निळी चिकटपट्टी आणली, रोटरला रंग आणि प्लगला आकडा, असं पुन्हा केलं. चारही वायरी पुन्हा पाहिल्या, या वेळी त्यानं जोडल्या आणि मी लाइट धरला. साडेदहाला इंजिन सुरू झालं. सूनबाई दारात येऊन उभी राहिली, म्हणाली, "आवाज वेगळा येतोय." मला काही फरक कळला नाही, पण तिला कळला असेल. ती तो आवाज दोन वर्षं ऐकत होती.

पुढच्या आठवड्यात गाडी डायनोवर, म्हणजे चाकांवरची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर चढवली. १.२ बारवर ८००० पर्यंत एकदाही अडखळली नाही. आधीच्या आलेखाला ५८०० नंतर करवतीसारखे दात होते, ते गेले. मग महिनाभर ओतलेलं जास्तीचं पेट्रोल हळूहळू काढून घेतलं, सेन्सर आता खरं सांगत होता. ज्वाळा बंद झाल्या, मित्रमंडळी जरा हिरमुसली. ४०० चा आकडा त्यानं गाठला, पण मला त्याचं कौतुक वेगळ्याच गोष्टीसाठी वाटलं. ठिणगी जोरदार झाली की वेळ आणखी पुढे ओढण्याचा मोह होतो. त्यानं उलट एक अंश मागे घेतली, ट्रेलिंग लीडिंगच्या १२ अंश मागे ठेवला आणि "पुरे" म्हणाला. तेवढ्यानं किती अश्वशक्ती कमी मिळाली असेल हे विचारायला मित्र होतेच. त्यानं उत्तर दिलं नाही.

निघायच्या आधी त्यानं मला ऑकलंडच्या दक्षिणेला हॅम्प्टन डाउन्सच्या शर्यतीच्या मार्गावर नेलं. मी शेजारी बसलो होतो. वेगाबद्दल मी काही सांगत नाही, माझे डोळे पूर्णवेळ उघडे नव्हते.

इथं कलाभवनातली आणि इतर कॉलेजांतली मुलं बसली आहेत, गाड्यांच्या स्पर्धांत भाग घेणारी, मोटारसायकली सुधारणारी. त्यांना दोन गोष्टी सांगतो. शक्ती वाढवण्याआधी ठिणगीचा हिशेब कागदावर मांडा: किती दाब, किती अंतर, किती मिलिसेकंद. तो बारावीच्या गणितानं होतो. आणि जोडणी झाली की दुसऱ्या कुणाच्या तरी हातात टायमिंग लाइट द्या. तो धाकटा असला तरी द्या. मोठ्यांना, म्हणजे मला आणि माझ्या वयाच्या इथल्या सगळ्यांना, एकच विनंती. त्या वेळी रागावू नका.

परवा त्याचा फोन आला होता. गाडी चालू आहे. कॉइलच्या पट्टीवर त्यानं मी लिहिलेली 'मामा'ची चिठ्ठी पुन्हा चिकटवली आहे. वायरिंगशी तिचा काही संबंध नाही म्हणे, नुसतीच.

प्रसादाच्या ताटांचे आवाज यायला लागले आहेत, म्हणजे माझी वेळ संपली.  गणपती बाप्पा मोरया!